आमचे नास्तिक मामा



पुरीमच्या अंकासाठी काहीतरी लिहा, मुलांनाही वाचता येईल असे लिहा, असा निरोप आला. पुरणपोळीची कृती मागे एकदा लिहून झाली, आता काय लिहावे म्हणून विचारात पडलो. मग मामा आठवले. आमच्या लहानपणी घरातली म्हातारी माणसे पुरीमला 'होळीचा सण' म्हणत. तो सण आला की आमच्या घरी मामांचा विषय निघतोच, आणि निघाला की थोडा वादही होतो. कारण मामा नास्तिक होते. लपूनछपून नव्हे, चांगले उघड उघड. आणि तरीसुद्धा स्टॅनमोरमध्ये आपल्या कोणाच्याही घरी मिन्यानला एक माणूस कमी पडला की पहिला फोन मामांनाच जायचा.

मामा म्हणजे आमच्या ह्यांचे मामा. नाव लिहीत नाही. जुन्या मंडळींना ओळखायला नाव लागणार नाही, आणि मुलांसाठी ते 'टेलिस्कोपवाले मामा' एवढेच होते.

त्यांचा जन्म १९३४चा, अलिबागच्या इस्रायल आळीतला. अलिबागला चुंबकीय वेधशाळा आहे, ती तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बाहेरून पाहिली असेल. १९०४ साली ती सुरू झाली. त्याआधी हे काम मुंबईला कुलाब्यात चाले. पण मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार आणि त्या विजेने यंत्रातल्या नाजूक सुया हलणार, म्हणून मोजणी अलिबागला नेली. इमारत बांधताना लोखंड टाळले, कारण जवळ लोखंड असले की पृथ्वीच्या चुंबकत्वाचे माप चुकते. मामा शाळेतून येताना कुंपणाशी उभे राहायचे. खिशात एक लोखंडी खिळा असायचा. 'माझ्या खिळ्यानं आतली सुई हलली असेल काय?' हा प्रश्न त्यांना पडायचा, आणि तो विचारायचा कोणाला हे कळायचे नाही. आपल्या सगळ्या शंकांची सुरुवात त्या खिळ्यापासून झाली, असे ते सांगत.

दुसरे वेड पेटीचे. आपल्या लोकांत मराठी कीर्तने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली. चाली आणि पद्धत हिंदू कीर्तनकारांची, आख्याने मात्र आपली: योसेफ, मोशे, एस्थेर. मामांचे वडील अशा कीर्तनांत पेटीवर साथ करीत. मामा त्यांच्या मांडीशी बसून शिकले. पुढे मुंबईत तार ऑफिसात कारकुनी करताना संध्याकाळी लायब्ररीत आगरकर वाचले, मग स्पिनोझा वाचला, आणि एक दिवस तेफिला म्हणायचे बंद केले. पेटी मात्र बंद केली नाही. १९६३ साली ते बोटीने इंग्लंडला आले तेव्हा ट्रंकेत कपडे कमी आणि पेटी जास्त होती, असे मामी सांगायच्या.

बालमित्रांनो, हा स्पिनोझा कोण ते सांगतो. बारूख स्पिनोझा हा ॲमस्टरडॅमचा, आपल्यासारखाच ज्यू मुलगा. देव म्हणजे सृष्टीच्या बाहेर बसलेला कोणी राजा नव्हे, सृष्टी आणि देव वेगळे काढताच येत नाहीत, अशा विचारांचा. १६५६ साली, तेविसाव्या वर्षी, तिथल्या मंडळींनी त्याला जातीबाहेर टाकले. कोणी त्याच्याशी बोलायचे नाही, कोणी जवळ बसायचे नाही, त्याचे लिहिलेले वाचायचे नाही. पुढे तो चष्म्याच्या आणि दुर्बिणीच्या काचा घासून पोट भरू लागला, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी छातीच्या दुखण्याने गेला. काचेची बारीक धूळ छातीत गेली असावी, असे बऱ्याच जणांचे मत आहे.

हे आम्हाला एवढे पाठ आहे, कारण मामांनी निवृत्त झाल्यावर घरच्या घरी दुर्बिणीचा आरसा घासायला घेतला. सहा इंची. जाड काचेच्या दोन तबकड्या, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी. वरची तबकडी खालचीवर घासायची, थोडे फिरवायचे, पिंपाभोवती एक पाऊल सरकायचे, पुन्हा घासायचे. हळूहळू वरची खोलगट होते आणि खालची फुगीर. सात महिने त्यांच्या गॅरेजमधून हा आवाज येत होता. आम्ही ब्रॉकली हिलवरच्या ऑर्थोपेडिक हॉस्पिटलात नाइट ड्यूटी करून सकाळी त्यांच्याकडे चहाला थांबायचो, तेव्हाही घासणे चालूच. नर्सच्या नजरेला पहिली दिसली ती पूड. हॉस्पिटलातला मास्क त्यांच्या नाकावर बांधला आणि म्हटले, "मामा, स्पिनोझाचं सगळं घ्या, त्याची छाती घेऊ नका." त्यावर ते म्हणाले, "त्याला जातीबाहेर काढलं, मला फोन करून बोलावतात. साडेतीनशे वर्षांत एवढी तरी सुधारणा झाली म्हणायची."

मिन्यानला ते का येतात, हे आम्ही एकदा सरळ विचारले होते. "देवासाठी येत नाही. नऊ जण ताटकळत बसलेले असतात, त्यांच्यासाठी येतो," एवढेच उत्तर मिळाले.

आता स्टॅनमोरकडे वळतो. कॅनन्स पार्क स्टेशनवरून तुम्ही सगळे जाता, पण ते कॅनन्स म्हणजे काय, हे किती जणांना ठाऊक आहे? अठराव्या शतकात तिथे जेम्स ब्रिजेस नावाच्या सरदाराचा, म्हणजे चँडोसच्या ड्यूकचा, कॅनन्स नावाचा राजवाडा होता. इतका खर्चिक की तो मेल्यावर मुलाला परवडेना, आणि १७४७ साली वाडा पाडून दगडविटासुद्धा विकल्या. पण वाडा भरात होता तेव्हा, १७१७-१८ साली, जॉर्ज फ्रेडरिक हँडेल तिथे ड्यूकच्या पदरी संगीतकार होता. ड्यूकचे स्वतःचे चॅपल तयार नव्हते, म्हणून हँडेलची भजने शेजारच्या व्हिचर्च लेनवरच्या सेंट लॉरेन्स चर्चमध्ये गायली जात. ते चर्च आजही उभे आहे.

१९८५ साली हँडेलच्या जन्माला तीनशे वर्षे झाली, तेव्हा मामा आम्हाला तिथे घेऊन गेले. चर्चमध्ये जायचे म्हणून आम्ही जरा अवघडलो होतो. मामा म्हणाले, "मी मशिदीत येतो ना तुमच्यासाठी? मग तुम्ही इथं या माझ्यासाठी." आपली जुनी माणसे सिनेगॉगला मशीदच म्हणत, मामांनी तो शब्द सोडला नव्हता.

तिथे त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली त्या चर्चच्या पाद्र्याची. जॉन थिओफिलस डेसाग्युलियर्स हे त्याचे नाव, फ्रान्समधून परागंदा झालेल्या प्रॉटेस्टंट घराण्यातला. हा गृहस्थ रॉयल सोसायटीत खुद्द न्यूटनच्या हाताखाली प्रयोग करून दाखवीत असे. ग्रह सूर्याभोवती कसे फिरतात यावर लोकांना व्याख्याने द्यायचा, आणि ड्यूकच्या वाड्याला पाणी कसे खेळवायचे तेही बघायचा. म्हणजे त्या एवढ्याशा चर्चमध्ये एका बाजूला न्यूटनचा माणूस आणि दुसऱ्या बाजूला हँडेलचे संगीत! "देव सोडून मला हवं ते सगळं या इमारतीत होतं," असे मामा म्हणाले, आणि पुढच्या बाकावरच्या बाईंनी मागे वळून पाहिले. नशीब, मराठीत म्हणाले होते.

दुसरी गोष्ट अंगणातल्या थडग्याची. तिथे विल्यम पॉवेल नावाच्या माणसाचा दगड आहे, त्यावर हातोडा आणि ऐरण कोरलेली. पावसात हँडेल लोहाराच्या दुकानात थांबला, घणाचा ठेका ऐकला, आणि त्यावरून 'हार्मोनियस ब्लॅकस्मिथ' ही प्रसिद्ध चीज त्याला सुचली, तो लोहार म्हणजे हाच पॉवेल, अशी दंतकथा. मामांनी मुलांना हिशेब करायला लावला. पॉवेल १७८० साली अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी वारला. मग १७१७ साली तो किती वर्षांचा? पंधरा! शिवाय तो लोहार नव्हताच, चर्चचा कारकून होता. त्या चिजेला हे नाव हँडेलने दिलेले नाही, तो गेल्यावर कितीतरी वर्षांनी लोकांनी दिले. आणि हा दगड बसवला १८६८ साली, वर्गणी काढून. "दगडावर कोरलं म्हणजे खरं होत नाही, पोरांनो," मामा म्हणाले. आम्हाला लगेच दुसरे कोणते दगड आठवले ते सांगायला नको. मामांचा रोखही तिकडेच होता.

आता पुरीम. कॅनन्समध्येच, १७१८च्या सुमारास, हँडेलने 'एस्थेर' रचला. इंग्रजीतला पहिला ऑरेटोरिओ म्हणून तो ओळखला जातो. ऑरेटोरिओ म्हणजे पवित्र शास्त्रातली गोष्ट गाऊन सांगायची, नाटकासारखी करून दाखवायची नाही. "म्हणजे आपलं कीर्तनच की!" हे मामांचे ठरलेले वाक्य. हामानची आणि एस्थेर राणीची आपली गोष्ट आपल्याच गल्लीच्या टोकाला सुरांत बसली, याचे त्यांना भारी अप्रूप होते. मग ते पेटी काढायचे आणि वडिलांचे एस्थेर आख्यान म्हणायचे. आवाज फार गोड नव्हता, पण ठेका पक्का.

आणि आख्यान संपले की दर वर्षी तोच चिमटा. "मगिल्ला एस्थेरचे दहा अध्याय आहेत. त्यात देवाचं नाव किती वेळा येतं, सांगा?" मुलांनो, तुम्हीच शोधा. एकदाही येत नाही. राजा येतो, मेजवान्या येतात, फाशीचा खांब येतो, देवाचे नाव नाही. आमच्या हज्जानसाहेबांनी याचे उत्तर दिले होते की देव त्या गोष्टीत लपलेला आहे. एस्थेर हे नावसुद्धा हिब्रूतल्या लपण्याच्या शब्दाशी जुळते, म्हणून तर मगिल्ला वाचताना आपण त्याला शोधायचे. मामा म्हणाले, "साहेब, लपलेला आणि नसलेला, बाहेरून दोघं सारखेच दिसतात." हज्जानसाहेब हसले. आम्हाला तेव्हा उत्तर सुचले नाही, अजूनही सुचलेले नाही. आम्ही शब्बाथचे दिवे लावतो, ते उत्तर सुचले म्हणून लावत नाही.

मामांनाही हार खावी लागली, तेही लिहिले पाहिजे. तरुणपणी त्यांचा आवडता सिद्धांत होता 'स्थिर विश्वा'चा. १९४८ साली केंब्रिजच्या तिघांनी तो मांडला: फ्रेड हॉईल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड. बाँडी आणि गोल्ड हे व्हिएन्नाचे, ज्यू घराण्यातले. १९४० साली इंग्रजांनीच त्यांना 'शत्रू देशाचे' म्हणून छावणीत डांबले होते. विश्व पसरते आहे, पण मधल्या मोकळ्या जागेत थोडे थोडे नवे द्रव्य निर्माण होत राहते, त्यामुळे ते सदासर्वकाळ सारखेच दिसते. त्याला आरंभ नाही, अंत नाही, असा तो सिद्धांत. आरंभ नाही म्हणजे आरंभ करणाराही नको! मामांना आणखी काय हवे होते? बाँडी तर पुढे ब्रिटिश ह्यूमनिस्ट असोसिएशनचे १९८२ ते १९९९ अध्यक्ष होते, पक्के नास्तिक. लंडनला पुरापासून वाचवणारा थेम्सचा बंधारा झाला तो त्यांच्याच १९६७च्या अहवालावरून. भारतातून मानवतावादासाठी त्यांना पारितोषिक मिळाले, त्याच्या पैशांतला वाटा त्यांनी मुंबईतल्या स्त्रियांच्या आरोग्याच्या कामाला दिला. ही गोष्ट मामा आमच्यासमोर मुद्दाम सांगत, कारण धर्म नसला की माणूस वाया जातो असे आम्ही एकदा बोलून गेलो होतो.

पण सिद्धांत टिकला नाही. १९६५ साली अमेरिकेत आर्नो पेंझियस आणि रॉबर्ट विल्सन यांनी जाहीर केले की त्यांच्या अँटेनाला आकाशाच्या सगळ्या बाजूंनी एक सारखी खरखर ऐकू येते. आधी त्यांना वाटले, आत कबुतरांनी घरटे केले आहे त्याचा दोष. कबुतरे हाकलली, विष्ठा धुतली, तरी खरखर आहेच! ती होती विश्वाच्या तापलेल्या बालपणाची उरलेली ऊब. म्हणजे आरंभासारखे काहीतरी होतेच. हा पेंझियसही आपलाच, म्युनिकचा ज्यू, सहा वर्षांचा असताना १९३९ साली धाकट्या भावाबरोबर आगगाडीत बसवून इंग्लंडला पाठवलेला. म्हणजे एका निर्वासिताने मांडले आणि दुसऱ्याने मोडले.

आम्हाला हे कळले तेव्हा आम्ही मामांना म्हटले, "बघा, बेरेशीथ खरं ठरलं ना? आरंभी!" मामा म्हणाले, "आरंभ झाला हे मान्य. पुराव्यापुढं हट्ट नाही. पण कोणी केला, ते कबुतरांनी सांगितलं नाही." आणि पुढे सांगितले, की आरंभाची कल्पना १९३१ साली मांडणारे लमेत्र हे स्वतः कॅथलिक पाद्री, आणि त्यांनीसुद्धा विज्ञान आणि धर्मग्रंथ यांची खिचडी करायला नको म्हटले होते.

कोल्हापूरचे जयंत नारळीकर हॉईलसाहेबांचे विद्यार्थी, त्यांचा मामांना फार अभिमान. नारळीकरांनी महास्फोटावर अखेरपर्यंत शंका घेतली; २० मे २०२५ला ते पुण्यात गेले तेव्हा आम्हाला वाटले, आज मामा असते तर दिवसभर त्यांच्या विज्ञानकथाच वाचून दाखवल्या असत्या. नारळीकरांनी २००८ साली ज्योतिषांची परीक्षा घेतली होती. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून दिल्या आणि ओळखा म्हटले. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठवली, सरासरी शेकडा ४६ बरोबर. मामा मुलांना नाणे उडवायला लावायचे. नाण्याचे पन्नासच्या आसपास येत.

सगळे गुणच सांगितले तर खोटे होईल. मामांची जीभ वाईट होती. आमच्यातल्या एका वृद्ध बाईंचे खुब्याचे ऑपरेशन नीट झाले, म्हणून त्यांनी एलियाहू हनबीचा मलिदा केला. पोहे, खोबरे, पाच फळे, सगळे हौसेने मांडलेले. मामा भर लोकांत म्हणाले, "सर्जनचं नाव एलियाहू होतं वाटतं?" दोघेतिघे हसले. बाईंनी ताट खाली ठेवले आणि रडू लागल्या. आम्ही हॉस्पिटलात जन्म काढला. रात्री तीन वाजता घाबरलेला पेशंट काय धरून राहतो ते पाहिले आहे. आम्ही तीन आठवडे मामांशी बोललो नाही. पुढचा मलिदा कोणाकडे तरी होता, तिथे मामा न बोलावता पेटी घेऊन आले, एलियाहूचे गाणे सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवले. त्या बाईंनी ताट पुढे केले, त्यांनी खाल्ले. माफी काही मागितली नाही.

२०१४च्या जानेवारीत मिल हिलच्या वेधशाळेतली बातमी आली. मिल हिल म्हणजे आपल्यापासून चार पावलांवर. तिथे एक शिक्षक चार विद्यार्थ्यांना दुर्बीण शिकवत होते, ढग येत होते, म्हणून घाईघाईने उघड्या आकाशातल्या एका दीर्घिकेकडे दुर्बीण वळवली, तर तिथे एक नवा तारा! फुटलेला तारा होता तो, अनेक वर्षांतला आपल्या सर्वांत जवळच्यांपैकी एक. जवळचा म्हणजे किती, तर प्रकाश तिथून निघाला त्याला सुमारे एक कोटी वीस लाख वर्षे झाली. मामा ऐंशीला टेकले होते, पण आठवडाभर रोज रात्री टोपी घालून बागेत. त्यांच्या सहा इंचीतून तो अंधुक ठिपक्यासारखा दिसला. समोरच्या घरातले गृहस्थ, पोलंडकडच्या घराण्यातले, कुत्रे फिरवायला निघाले होते, त्यांनाही बोलावून दाखवला. त्याआधी त्यांचे आपल्याशी वर्षानुवर्षे 'गुड मॉर्निंग'पलीकडे बोलणे नव्हते.

२०१७ सालच्या हिवाळ्यात पोटाच्या कॅन्सरने मामांना धरले. मामी आधीच गेलेल्या, मुलगी अश्दोदला, ती येऊन-जाऊन. औषध-पाणी, अंग पुसणे आम्ही पाहिले. तेव्हाच आपल्यातल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारले, "ज्याने जन्मभर देव मानला नाही, त्याच्यामागे कद्दीश कशी म्हणायची? तो त्याचाही अपमान आणि देवाचाही." बोलणे कठोर होते, पण खोटे म्हणता येईना. घरात दोन तट पडले. आमचे हे म्हणाले म्हणायचीच. भाचेसुनेने म्हटले, मामांची इच्छा विचारा. विचारायचे आमच्यावर आले. नर्सला असली कामे देतात.

एका संध्याकाळी उशी नीट करताना विचारले. मामा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "मगिल्लात देव नाही, आणि कद्दीशमध्ये मरण नाही. कधी लक्ष दिलंयस? आरामी शब्द बघ. नुसती स्तुती. मेलेल्या माणसाचं नावसुद्धा नाही." मग म्हणाले, "तुम्हाला बरं वाटत असेल तर म्हणा. मला ऐकू येणार नाही. फक्त दहा जण जमवा, नऊवर म्हणू नका. नियम तो नियम."

२०१८च्या फेब्रुवारीत, पुरीमच्या दोन आठवडे आधी, पहाटे ते गेले. आम्ही जवळ होतो. शेवटी देवाचे नाव घेतले का, असे पुष्कळांनी विचारले. नाही घेतले. पाणी मागितले.

शिव्वाच्या तिसऱ्या संध्याकाळी बर्फाळ वारा होता. पुष्कळांना घराबाहेर पडवेना. दिवाणखान्यात मोजले तर नऊ. त्या नवांत कद्दीशला हरकत घेणारे ते वडीलधारे गृहस्थही होते, सगळ्यांत आधी येऊन बसले होते. अर्धा तास झाला, कोणी येईना. त्यांनी घड्याळ पाहिले आणि सवयीने म्हणाले, "अरे, मामांना फोन करा ना."

कोणी काही बोलले नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला. आमच्या ह्यांनी कोट चढवला, रस्ता ओलांडून समोरच्या घराची घंटा वाजवली. ते पोलंडवाले गृहस्थ सपातांवरच आले. त्यांचे उच्चार वेगळे, आपले वेगळे, पण आमेन एकदम पडले.

दुर्बीण आता आमच्या गॅरेजमध्ये आहे. आरसा थोडा डागाळला आहे. नात तेरा वर्षांची आहे, तिला शनी बघायची हौस. २०२५ साली तिने बघितला तर कडी दिसेनात, नुसती बारीक रेघ. "आजी, मामांची दुर्बीण बिघडली!" म्हणून ओरडत आली. बिघडलेली नव्हती. साधारण पंधरा वर्षांनी एकदा ती कडी आपल्याला अगदी आडवी येतात आणि जवळजवळ नाहीशी होतात. २००९ सालीही तसेच झाले होते, तेव्हा मामांनी आम्हाला समजावले होते, म्हणून या वेळी आम्हाला नातीला समजावता आले. आता ती दरवर्षी थोडी थोडी उघडतील आणि २०३२च्या सुमारास चांगली रुंद दिसतील. आम्ही तेव्हा ब्याऐंशीचे असू. गॅरेजची चावी नातीकडे दिली आहे.